बाळ कोठून येते?

संध्याकाळची वेळ आहे. देवाजवळ दिवा लागला आहे, स्वयंपाकघरात भात शिजतो आहे, आणि आईच्या मांडीशी बसलेली चार वर्षांची मुलगी तिच्या वाढलेल्या पोटाकडे एकटक पाहते आहे. थोड्या वेळाने ती विचारते, "आई, हे बाळ तुझ्या पोटात गेलं कसं?" प्रश्न साधा, आवाज खणखणीत. परंतु तो घरात उमटताच प्रत्येकाला एकाएकी काहीतरी काम आठवते. बाबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात. आजीच्या हातातली जपमाळ भराभर फिरू लागते. काका पाणी प्यायला उठतात. आई म्हणते, "भात करपेल ग," आणि भाताखालचा विस्तव कमी करायला निघून जाते. मुलगी तेथेच बसून राहते. तिला उत्तर मिळालेले नाही. परंतु काहीच मिळालेले नाही असेही नाही. या घरात विचारू नये असा एक प्रश्न आहे, एवढे तिला त्या दिवशी कळलेले असते.

याच मुलीने सकाळपासून पन्नास प्रश्न विचारलेले असतात. चांदोबा आपल्याबरोबर का चालतो, पाऊस वर कोण नेऊन ठेवतो, पालीची शेपटी तुटली तरी वळवळते का, या प्रश्नांना घरातील मंडळींनी आपापल्या परीने उत्तरे दिलेली असतात आणि तिच्या चौकसपणाचे शेजारीपाजारी कौतुकही केलेले असते. तिच्या दृष्टीने बाळाचा प्रश्न हा त्याच माळेतला एक मणी आहे. त्यात लाजण्यासारखे काही आहे, हे तिच्या गावीही नसते. लाज प्रश्नात नसते. ती ऐकणाऱ्याच्या मनात असते, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ती मुलाच्या मनात उतरते.

अर्थात सगळीच घरे अशी मौनात जात नाहीत. पुष्कळ घरी तयार उत्तरे असतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेली असतात. देवबाप्पाने दिले, दवाखान्यातून आणले, डॉक्टरीणबाईंच्या पिशवीतून निघाले. थट्टेखोर मामा भेटला तर तो सांगतो, "तुला बोहारणीकडून जुन्या लुगड्यावर घेतला," किंवा "तू उकिरड्यावर सापडलास." या थट्टेला मोठा जुना आणि करुण इतिहास आहे. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरी नवे मूल जन्मले की ते मूठभर कोंड्यावर दुसऱ्याला विकल्यासारखे करून परत घेत. त्याचे नाव कोंडिबा, दगडू, केरबा असे ठेवीत. हे मूल कोणाला नको आहे असे भासवून मृत्यूची दृष्ट चुकवावी, एवढाच त्या बिचाऱ्या आईबापांचा हेतू असे. मूल हवे होते म्हणूनच ते नकोसे असल्याचे सोंग केले जाई. आता ती भीती पुष्कळशी ओसरली आणि सोंगाची नुसती थट्टा उरली. परंतु चार वर्षांच्या मुलाला थट्टा आणि हकीकत यांतील फरक कळत नाही. आपण खरोखरच कोणाचे तरी टाकलेले आहोत, या शंकेने रात्री उशीत तोंड खुपसून रडलेली मुले पुष्कळ असतात. मोठेपणी ती हसत हसत ही आठवण सांगतात. पण ती विसरलेली नसतात, हेही तितकेच खरे.

दवाखान्याचे उत्तर त्या मानाने सौम्य वाटते. परंतु तेही फार दिवस टिकत नाही. दवाखान्यातून बाळ आणायचे तर आईचे पोट का वाढते? विकत मिळते तर किंमत किती? आवडले नाही तर परत देता येईल का? नव्या भावंडाचा मत्सर वाटणारे मूल हा शेवटचा प्रश्न अगदी मनापासून विचारते आणि सगळे खळखळून हसतात. हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की परत देण्याची कल्पना त्याच्या डोक्यात मोठ्यांनीच घातलेली आहे. आणि जे बाळ परत देता येते, त्याच्याप्रमाणे आपल्यालाही परत देता येईल, हे पुढचे अनुमान काढण्याइतके ते मूल निश्चित हुशार असते.

मोठी गंमत ही, की ज्या समाजात ही लपवालपवी चालते, तो समाज गर्भारपणाविषयी मुळीच लाजाळू नाही. डोहाळजेवण आठवावे. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, चांदणे, नाव. सगळी आळी जमलेली. दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवायची आणि होणाऱ्या आईला एक वाटी उचलायला लावायची. बंगालमध्ये याच प्रसंगाला ‘साध’ म्हणतात, कर्नाटकात ‘सीमंत’. तमिळनाडूत ‘वळैकाप्पु’च्या दिवशी तिच्या हातांत काचेच्या बांगड्या भरतात आणि त्यांचा किणकिणाट पोटातल्या बाळाला ऐकू जातो असे मानतात. ही समजूत निराधारही नाही. पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास गर्भाला बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात, असे आजचे शास्त्र सांगते. सुभद्रेच्या पोटात असताना अभिमन्यूने चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ऐकली, ही कथा तर घरोघरी मुलांना झोपवताना सांगितली जाते. समर्थांच्या दासबोधात तिसऱ्या दशकाच्या आरंभीच जन्मदुःखाचे निरूपण आहे आणि त्यात गर्भवासाचे वर्णन करताना कोणताही आडपडदा ठेवलेला नाही. म्हणजे अभिमन्यू आईच्या पोटात होता हे मुलाला ठाऊक असते. फक्त त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ तेवढा दवाखान्यातून आलेला असतो!

भाषेनेही या कामी थोडा घोळ घातला आहे. गाय विते, शेळी विते. बाई मात्र बाळंत होते. तिला ‘दिवस जातात’. मुलाने हे शब्द ऐकले की ते विचारात पडते: दिवस कोठे गेले, आणि ते परत कधी येणार? मग एके दिवशी बायका म्हणतात, "सुटली एकदाची." आई कोणत्या तुरुंगात होती, हा प्रश्न त्याच्या मनात आल्याशिवाय कसा राहील? आणि सर्वांत मोठा घोटाळा ‘पोट’ या शब्दाचा. मराठीत जेवण जाते तेही पोटात आणि बाळ असते तेही पोटात. सीताफळाची बी गिळली तर पोटात झाड उगवते, असे ज्याला सांगितलेले आहे आणि आई डोहाळ्यांनी कैऱ्या खाते आहे हे जो डोळ्यांनी पाहतो आहे, त्याने ‘आईने काहीतरी खाल्ले म्हणून बाळ झाले’ असा निष्कर्ष काढला, तर त्याच्या तर्कात कोणती चूक आहे? काही मुले यामुळे बिया गिळायला भितात, आणि काही मुलांना आईच्या पोटात बाळावर आमटी पडत असेल, अशी काळजी लागून राहते.

हे सर्व पूर्वीही होतेच. मग आजच हा प्रश्न अधिक अवघड का व्हावा? याचे एक कारण असे, की जन्म घरातून निघून गेला. एके काळी माजघराशेजारची अंधारी खोली बाळंतिणीची असे. सुईण येई, पाणी तापे, शेगडीवर ओव्या-शेपांची धुरी होई. मुलांना बाहेर काढीत खरे. तरीही कण्हणे त्यांच्या कानांवर पडे, पहिला टाहो ऐकू येई, आणि आईच्याच खोलीतून बाळ बाहेर आले हे त्यांना आपोआप कळे. शेतकऱ्याच्या मुलाला तर गोठ्यात गाय वितानाच दिसे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील सुमारे २६ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्यकेंद्रांत होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. माता आणि बालके वाचण्याच्या दृष्टीने ही फार इष्ट गोष्ट झाली. परंतु मुलाच्या नजरेने पाहिले तर काय घडते? आई मोठे पोट घेऊन मोटारीत बसते, चार दिवस दिसत नाही, आणि दुपट्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन परत येते. मधला दुवा हरवला. तो शब्दांनी भरून काढण्याचे काम आता आईबापांवर आले आहे. इंदूर, बडोदे, बंगळूर, दिल्ली अशा ठिकाणी नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी बिऱ्हाडात तर आजीही जवळ नसते. तेथे घरात उत्तर मिळाले नाही, तर ते बसमध्ये, मैदानावर किंवा हातातल्या मोबाइलवर मिळते. आणि ते कसे मिळेल याची शाश्वती कोणी द्यावी?

उत्तर देण्यापूर्वी मूल नेमके काय विचारते आहे, हे पाहणे मात्र अगत्याचे आहे. मोठ्या माणसाला वाटते की आता सगळेच सांगावे लागणार, आणि तो घाबरतो. वास्तविक मुलाला सगळे नको असते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या जगाविषयीच्या कल्पनांचा शोध घेतला. त्यात बाळांच्या उत्पत्तीविषयीचे विचारही होते. सूर्य, डोंगर, नद्या कोणीतरी ‘केलेल्या’ आहेत असे लहान मूल मानते. तसेच बाळही कोणीतरी केलेले असणार, असे त्याला वाटते. पुढे १९७५ च्या सुमारास अमेरिकेत ॲन बर्नस्टाइन आणि फिलिप कोवन यांनी तीन ते बारा वर्षांच्या मुलांशी याच विषयावर बोलून वयाप्रमाणे बदलत जाणाऱ्या कल्पनांची एक शिडीच दाखवून दिली. तिची पहिली पायरी फार बोलकी आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाचा प्रश्न हा बहुधा भूगोलाचा प्रश्न असतो. बाळ पूर्वी नव्हते ही कल्पनाच त्याला पेलत नाही. ते कोठेतरी होतेच, फक्त कोठे होते हे त्याला हवे असते. ‘पंढरपूर कोठे आहे?’ असे विचारणाऱ्याला तेथपर्यंतचा रूळ कसा घातला हे सांगत बसू नये, तसेच हे आहे.

म्हणून जाणत्या पालकांनी पाळलेला पहिला नियम असा, की मुलालाच प्रथम विचारावे, "तुला काय वाटतं?" या एका वाक्याने दोन कामे होतात. मुलाच्या मनात कोणती कल्पना आहे हे कळते, आणि आवंढा गिळायला पालकालाही उसंत मिळते. दुसरा नियम: विचारले तेवढेच सांगावे. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: उत्तर अपुरे असले तरी चालेल, खोटे असता कामा नये. अपुऱ्या उत्तरावर उद्या वरची वीट चढवता येते. खोटे उत्तर मात्र आधी पाडावे लागते, आणि ते पडताना सांगणाऱ्यावरचा विश्वासही थोडासा ढासळतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला एवढे पुरे: "आईच्या अंगात बाळासाठी एक वेगळी पिशवी असते. जेवण जातं ती निराळी, ही निराळी. त्या पिशवीत बाळ वाढतं." गर्भाशयाला आपल्याकडच्या बायका पूर्वापार ‘पिशवी’च म्हणत आल्या आहेत, हा शब्द घरगुती आहे आणि अचूकही आहे. ‘गर्भाशय’ हा शब्दही बरोबरीने सांगावा. ज्या मुलाला ‘हिप्पोपोटॅमस’ म्हणता येते त्याला तो जड जाणार नाही. एरवी ही पिशवी बंद मुठीएवढी असते आणि बाळाबरोबर वाढत जाते, हे ऐकून मुले आपली मूठ उघडून-मिटून पाहतात.

मग पुढचा प्रश्न येतो: ते जेवते कसे? याचे उत्तर मुलाच्या स्वतःच्या अंगावर आहे. बेंबीसारखे शिकवण्याचे साधन दुसरे नाही! "येथे तुझी नाळ होती. तिच्यातून आईकडून तुला अन्न मिळायचं. श्वासाला लागतो तो प्राणवायूही तिच्यातूनच यायचा. तू जन्मलास आणि नाळेचं काम संपलं. तिची ही खूण." आपल्या भाषेत एखाद्या गावाशी नाळ जुळलेली असते, नाळ तुटत नाही; हे सारे वाक्प्रचार त्या बोटभर खुणेतून निघालेले आहेत. किती दिवस वाढते, असे विचारले तर सांगावयास मोठी मौज आहे. उंदराचे पिल्लू तीन आठवड्यांत तयार होते, मांजरीचे सुमारे नऊ आठवड्यांत, शेळीचे पाच महिन्यांत, म्हशीचे दहा, घोडीचे अकरा, आणि हत्तिणीला तर सुमारे बावीस महिने लागतात. गाईचे आणि आईचे दिवस मात्र जवळजवळ सारखेच, सुमारे २८०. एवढे ऐकल्यावर बहुतेक मुलांना पुढे हत्तीविषयीच बोलावयाचे असते. गंभीर विषय गंभीर चेहऱ्यानेच मांडला पाहिजे, असे नाही.

पाच-सहा वर्षांचे मूल विचारते, "ते बाहेर कसं येतं?" येथे पुष्कळांची जीभ अडखळते. परंतु सत्य थोडक्यात सांगता येते. आईच्या दोन पायांच्या मध्ये बाळासाठी एक वेगळी वाट असते. शूची किंवा शीची नव्हे, तिसरी. दिवस भरले की पिशवी जोर लावून बाळाला त्या वाटेने बाहेर ढकलते. कधी कधी हे कठीण असते, म्हणून डॉक्टर आईला दुखू नये असे औषध देऊन पोटावर छेद घेतात, बाळाला काढतात आणि पुन्हा शिवतात. २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील सुमारे २१ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. तेव्हा कित्येक घरांत हेच खरे उत्तर असते. आईला दुखते का, असे विचारले तर "हो, दुखतं, पण ते दुखणं संपतं, आणि मदतीला माणसं असतात," असे म्हणावे. मुलाला भीती दुखण्याची नसते. लपवलेल्या दुखण्याची असते.

आणि शेवटी तो प्रश्न: बाळ आत गेले कसे? लहान मुलाला एवढे सांगितले तरी पुरते, की आईच्या अंगात खसखशीच्या दाण्याहूनही लहान असे एक बीज असते, बाबांच्या अंगात त्याहून कितीतरी सूक्ष्म असे दुसरे. दोन्ही एकत्र आली म्हणजे बाळाची सुरुवात होते. सात-आठ वर्षांचे मूल, "पण एकत्र येतात कशी?" असे विचारील, तेव्हा मोठी झालेली माणसे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, बाबांच्या शरीरातून ते बीज आईच्या शरीरात जाते, आणि ही गोष्ट फक्त मोठ्यांची आहे, हे शांतपणे सांगता येते. युनेस्कोने २००९ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेतही पाच ते आठ या वयोगटातील मुलांना दोन बीजांच्या मीलनाने गर्भधारणा होते, एवढे कळावे असे मानले आहे. उत्तर देताना आवाज बदलू नये, एवढेच पथ्य. पावसाविषयी ज्या सुरात सांगितले त्याच सुरात हेही सांगावे.

येथे एका जुन्या उपमेपासून सावध राहिले पाहिजे. बाप बी पेरतो आणि आई म्हणजे शेत, असे आपल्याकडे शतकानुशतके सांगितले गेले. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली याच बीज-क्षेत्राच्या प्रतीकाची चिकित्सा करून दाखवले, की हे केवळ अलंकारिक बोलणे नसून मुलांवर आणि शेतीवाडीवर हक्क कोणाचा, याचा निवाडा त्यात दडलेला आहे. शास्त्राची साक्ष या उपमेच्या विरुद्ध आहे. आई ही नुसती जमीन नव्हे. तिचेही बीज असते. तेवीस गुणसूत्रे आईची, तेवीस बापाची; वाटणी अगदी निम्मी. मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. मुली झाल्या म्हणून ज्या सुना घरोघरी बोल सोसत आल्या, त्यांचा त्यात काडीचाही दोष नव्हता. चार वर्षांच्या मुलीला दिलेल्या उत्तरात ‘आईचेही बीज’ हे दोन शब्द आले, तर एक जुना अन्याय तिच्यापुरता तरी तेथेच थांबतो.

पेढा आणि बर्फी यांच्या खेळाचाही या दृष्टीने विचार व्हावा. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. वाटी उघडली आणि बर्फी निघाली की क्षणभर चेहरे कसे होतात, हे कोपऱ्यात बसलेली थोरली मुलगी पाहत असते. "तुला भाऊ हवा की बहीण?" असे तिला विचारणारे लोक उत्तराची वाटही पाहत नाहीत, "भाऊच हवा, हो ना?" असे तेच म्हणून टाकतात. जन्मापूर्वी लिंग ओळखण्यास १९९४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली. त्यापूर्वी १९८८ साली महाराष्ट्राने असा कायदा केला होता. कायदा यंत्रापुरता असतो. डोहाळजेवणातल्या चेहऱ्यांना कायदा नाही. तेथे घरच्यांनीच आपले चेहरे सांभाळावयाचे असतात.

ज्यांना अद्याप संकोच वाटतो, त्यांनी मनुष्यजातीचा स्वतःचा अभ्यास किती उशिरा पुरा झाला, हे आठवावे. हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६७७ साली सूक्ष्मदर्शकातून पुरुषबीजे पाहिली; परंतु त्यांचे कार्य कोणालाच उलगडेना. त्या बीजात इवलासा माणूस घडी घालून बसलेला असतो, असे त्या काळी मोठमोठे विद्वान मानीत. सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना दिसले ते १८२७ साली. आणि दोन बीजांच्या केंद्रांचे मीलन ऑस्कर हर्टविग यांनी समुद्रातल्या एका काटेरी जीवाच्या अंड्यात पाहिले ते १८७६ साली. म्हणजे चार वर्षांची मुलगी जो प्रश्न विचारते, त्याचे पुरे उत्तर जगातल्या कोणत्याही शहाण्याला दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत देता आले नसते. अशा प्रश्नाला ‘वाह्यात’ म्हणणे हा ज्ञानाचा अपमान नव्हे काय?

महाराष्ट्राला तर या बाबतीत वडीलधाऱ्यांचा मोठा वारसा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक एकहाती चालवले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळणे हा माणसाचा अधिकार आहे, हे तत्त्व असे या भूमीत लढवले गेले. दुसऱ्या बाजूने गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मूल हे अपुरे माणूस नसून पुरे माणूस आहे, ही दृष्टी बालशिक्षणात आणली. कर्व्यांचा निर्भयपणा आणि ताराबाईंची माया या दोहोंची सांगड घातली, म्हणजे मुलाला द्यावयाच्या उत्तराचा सूर सापडतो.

हा केवळ ज्ञानाचाही प्रश्न नाही. तो मुलाच्या रक्षणाचा आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. २०१२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. परंतु कायद्याच्या दारापर्यंत जाण्यापूर्वी मुलाला आईजवळ बोलता आले पाहिजे, आणि बोलण्यासाठी शब्द लागतात. ज्या अवयवांना घरात नावच नाही, त्यांच्याविषयी तक्रार करावी कशी? जो प्रश्न विचारल्यावर आई उठून गेली, त्याच विषयातले दुःख घेऊन मूल तिच्याकडे पुन्हा कसे येईल? ज्या मुलाला बाळाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले, त्याला एक गोष्ट ठाऊक असते: आईला काहीही विचारता येते.

काही घरांत या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या तऱ्हेने द्यावे लागते. मूल दत्तक असेल, तर त्याला सांगावे की तू दुसऱ्या एका आईच्या पोटात वाढलास आणि आम्ही तुला मागून आणलास. दोन्ही गोष्टी खऱ्या. उकिरड्याची थट्टा ज्या घरात कधीच झालेली नाही, त्या घरात हे वाक्य सुखाने बोलता येते.

आणि काही घरांत आई दवाखान्यात जाते, पण परत येताना तिच्या हातांत दुपटे नसते. सर्वांत अवघड उत्तर ते. थोरले मूल दाराशी उभे असते. "बाळ कुठंय?" दवाखान्यातून बाळे मिळतात, असे ज्याला सांगितलेले आहे, ते म्हणते, "मग दुसरं आणा." ते निष्ठुर नसते, त्याला जे सांगितले त्यावरच ते बोलत असते. त्याच्या मनात आणखीही एक गोष्ट असू शकते. "मला नको हे बाळ," असे ते कधीतरी रागाने म्हणालेले असते, आणि लहान मुलांना आपल्या इच्छेने गोष्टी घडतात असे वाटते. बाळ आले नाही. म्हणजे ते आपल्यामुळे. हे ओझे ते कोणाला सांगत नाही. अशा वेळी ‘झोपले’ म्हणू नये, नाहीतर त्याला झोपेची भीती बसते. ‘देवाला आवडले’ म्हणू नये. कारण मग देवाला आपण आवडू नये, असे त्याला वाटू लागते. "बाळ आईच्या पिशवीत वाढत होतं. पण त्याच्या अंगात जगण्याइतकी ताकद आली नाही. ते मरण पावलं. यात कोणाची चूक नाही. तू रागावून काही बोलला असलास, तरी त्यामुळे असं होत नाही. आईला वाईट वाटतंय म्हणून ती रडते. तू तिच्याजवळ बसू शकतोस." एवढी वाक्ये बोलायला फार बळ लागते. परंतु ज्या घरात आरंभापासून खरे सांगितले गेले, तेथेच ती बोलता येतात आणि तेथेच ती ऐकूही जातात.

देवाने दिले, हे उत्तर यामुळे खोटे ठरते काय? श्रद्धावंताला तसे मानण्याचे कारण नाही. कोणी दिले हा श्रद्धेचा प्रश्न आहे, कसे वाढले हा शरीराचा. आजीने पहिले सांगावे, आईने दुसरे. दोन्ही उत्तरे एका घरात सुखाने नांदू शकतात. फक्त पहिल्या उत्तराने दुसऱ्याचे तोंड बंद करू नये.

त्या संध्याकाळच्या घरात भात आता शिजला आहे. आई पदराला हात पुसत परत येते आणि मुलीजवळ बसते. उठून गेलेल्या माणसाला परत येता येते, ही उत्तर देणाराची मोठी सोय आहे. मुले वाट पाहतात. "मघाशी काय विचारलंस?" आई म्हणते. "बाळ पोटात कसं गेलं ते? आधी तुला काय वाटतं ते सांग." मुलगी गंभीरपणे विचार करून म्हणते, "तू कैरी खाल्लीस ना, तिच्यातून." वर्तमानपत्राआडून हसू ऐकू येते. आई मात्र हसत नाही. ती मुलीचा हात आपल्या पोटावर ठेवते आणि म्हणते, "नाही ग. आईजवळ एक बी असतं, बाबांजवळ एक असतं..." तेवढ्यात हाताखाली काहीतरी हलते. मुलगी दचकते, हात काढते, पुन्हा ठेवते. आजीची जपमाळ क्षणभर थांबते. वर्तमानपत्र खाली येते. प्रश्न विचारणारी एकटी होती. उत्तर ऐकायला मात्र सगळे घर जमलेले असते.